विद्यापीठाची खुली संशोधन रिपॉझिटरी: उभारताना आणि सांभाळताना पडणारे प्रश्न

रिपॉझिटरी म्हणजे संस्थेतलं संशोधन जपून सर्वांना वाचायला देणारं ऑनलाइन भांडार. तिच्याबद्दल गोव्यातले ग्रंथपाल, प्राध्यापक आणि पीएचडीचे विद्यार्थी फोनवर, काउंटरवर, कार्यशाळेत जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं रोजच्या कामातून आलेली आहेत. काही ठिकाणी ती माझी मतं आहेत, आणि तिथे तसं म्हटलं आहे.

कॉलेजच्या वेबसाइटवर पीडीएफ टाकली तर चालत नाही का?

चालते, वेबसाइट बदलेपर्यंत. दर तीन-चार वर्षांनी वेबसाइटचं काम दुसऱ्याकडे जातं, नवी साइट येते आणि जुने सगळे दुवे तुटतात. ज्या विद्यार्थिनीने आपल्या संदर्भसूचीत तुमचा दुवा दिलेला असतो, तिचा संदर्भ त्या दिवशी निकामी होतो. रिपॉझिटरीत प्रत्येक प्रबंधाला, प्रत्येक लेखाला कायमचा पत्ता मिळतो. लेखक, मार्गदर्शक, वर्ष, विषय, भाषा अशी नोंद त्याच्याबरोबर राहते. ओएआय-पीएमएच नावाची ठरलेली पद्धत वापरून बेस आणि कोअरसारखी शोधयंत्रं ती नोंद स्वतःहून उचलतात, गूगल स्कॉलर ती पानावरून वाचतं.

संशोधकाने आपला लेख आपल्याच संस्थेत सर्वांसाठी खुला ठेवावा, हा मार्ग २००२च्या बुडापेस्ट जाहीरनाम्याने जगापुढे ठेवला. गोव्यात तो नवा नाही. दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेची रिपॉझिटरी अनेक वर्षांपासून चालू आहे, ताळगावच्या पठारावर गोवा विद्यापीठाचीही आहे. नव्याने सुरू करणाऱ्यांनी आधी या दोन्ही एकदा उघडून, शोधून पाहाव्यात.

शोधगंगा आहे, मग आपली वेगळी कशाला?

यूजीसीच्या २००९च्या नियमांपासून पीएचडी प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत देणं आलं, आणि गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या यूजीसीच्या केंद्राची शोधगंगा, म्हणजे देशभरच्या प्रबंधांचं ऑनलाइन भांडार, त्यातून वाढली. ती उत्तम सोय आहे आणि तिथे प्रबंध गेलाच पाहिजे. पण शोधगंगा प्रबंधांपुरती. प्राध्यापकांचे लेख, एमएचे लघुप्रबंध, परिसंवादात वाचलेले निबंध, क्षेत्रकार्यातल्या ध्वनिफिती, सर्वेक्षणाचे तक्ते यांना तिथे जागा नाही. गोव्याच्या अभ्यासातला मोठा ऐवज नेमका यातच आहे. खाजन शेतीच्या (खाऱ्या पाण्यालगतच्या शेतीच्या) बांधांवर किंवा सत्तरीच्या रणमाले या लोकनाट्यावर एमएच्या पातळीवर झालेलं काम कित्येकदा दुसऱ्या कुठल्याच कागदावर आलेलं नसतं.

आणखी एक बाब लोक विसरतात. गोवा विद्यापीठ १९८५ सालचं. त्याआधी पणजीत मुंबई विद्यापीठाचं पदव्युत्तर केंद्र होतं. त्या काळातल्या प्रबंधांवर पदवी देणाऱ्या संस्थेचं नाव मुंबई विद्यापीठ असंच टाका. विषय गोवा म्हणून संस्थाही गोव्याची, असं लिहून टाकल्याने संदर्भ चुकतात.

वन नेशन वन सबस्क्रिप्शन आलं. आता खुल्या रिपॉझिटरीची गरज उरली का?

उरली. नोव्हेंबर २०२४मध्ये केंद्र सरकारने या योजनेला तीन वर्षांसाठी सुमारे ६,००० कोटी रुपये मंजूर केले, आणि सरकारी उच्च शिक्षणसंस्थांना सुमारे १३,००० नियतकालिकं वाचायला मिळू लागली. पण ती सोय त्या संस्थांच्या दारापर्यंतच आहे. वाळपईच्या शाळेतली शिक्षिका, म्हापशाचा वकील, निवृत्त झालेला पण अभ्यास न सोडलेला माणूस त्या दाराबाहेरच राहतो. शिवाय वर्गणी म्हणजे दुसऱ्यांचं वाचायची परवानगी. आपलं लिहिलेलं जपायची जबाबदारी तिने काही हलकी होत नाही.

सॉफ्टवेअर कोणतं घ्यावं?

डीस्पेस. २००२मध्ये एमआयटीच्या ग्रंथालयाने एचपीबरोबर ते तयार केलं, ते मोफत आहे, आणि भारतात ते चालवणारी माणसं सापडतात. हा शेवटचा मुद्दा माझ्या लेखी सगळ्यात मोठा. साउदम्प्टन विद्यापीठाचं ईप्रिंट्सही चांगलं आहे, पण रात्री सर्व्हर अडला तर फोन करायला कोणी हवं.

डीस्पेसच्या ७व्या आवृत्तीपासून रचना पार बदलली: मागे जावा, पोस्टग्रेस हा डेटाबेस आणि सोलर हे शोधाचं यंत्र, पुढे वाचकाला दिसणारी अँग्युलरची वेगळी बाजू. जुन्या आवृत्तीवर असाल तर ‘चालतंय ना’ म्हणून बसू नका. असुरक्षित जुना सर्व्हर एक दिवस विद्यापीठाच्या संगणक विभागाकडूनच बंद केला जातो, आणि तेव्हा स्थलांतराला वेळ मिळत नाही.

सर्व्हरसाठी ८ जीबीपेक्षा कमी रॅम धरू नका, १६ असेल तर बरं. अलीकडे एआय कंपन्यांचे बॉट (आपोआप पानं उचलणारे प्रोग्राम) शोधपानांवर तुटून पडतात आणि खरा वाचक बाहेर ताटकळतो. शोधपानांवरच्या वेगाला मर्यादा घाला, पण गूगल स्कॉलरची वाट अडवू नका.

आमच्या दुव्यात १२३४५६७८९ असा आकडा दिसतो. तो काय आहे?

तो डीस्पेसबरोबर येणारा नमुन्याचा आकडा आहे. कायमच्या पत्त्यासाठी हँडल यंत्रणेकडून संस्थेला स्वतःचा क्रमांक घ्यावा लागतो. तो घेतला नाही तर हा नमुना तसाच राहतो. देशात कितीतरी रिपॉझिटऱ्या वर्षानुवर्षं याच आकड्यावर चालल्या आहेत. त्याचा अर्थ असा की तुमचा ‘कायमचा’ पत्ता तुमच्या सर्व्हरच्या नावावरच टेकलेला आहे, आणि ते नाव बदललं की गेला. क्रमांकाचं वार्षिक शुल्क मोठं नसतं. पहिला प्रबंध चढवण्याआधी तो घ्या, कारण नंतर बदलताना आधी दिलेले सगळे दुवे सांभाळत बसावं लागतं.

मराठी प्रबंध चढवले आहेत, पण शोधल्यावर सापडत नाहीत. असं का?

या प्रश्नाला मी सर्वांत जास्त वेळ देतो, म्हणून उत्तर लांब आहे.

काही वर्षांपूर्वी सत्तरीतून एक शिक्षिका आमच्या काउंटरवर आल्या. धालो या स्त्रियांच्या लोकनृत्याच्या गीतांवर त्यांना काम करायचं होतं. त्यांनी संगणकावर ‘धालो’ टाइप केलं. एकही निकाल नाही. ‘‘सर, आपल्याकडे धालोवर कुणी काहीच लिहिलं नाही?’’ त्या विचारत होत्या आणि शेजारी उभा असलेला आमचा जुना सहकारी म्हणाला, ‘‘बाई, थांबा. लाल बांधणीचा एक आहे, खिडकीकडच्या कपाटात.’’ तो प्रबंध आणून त्याने टेबलावर ठेवला. रिपॉझिटरीतही तो होता. त्याचं शीर्षक इंग्रजीत नोंदलेलं, विषयशब्द ‘स्त्रियांची लोकगीतं’ इतकाच, तोही इंग्रजीत, आणि आतला सगळा मजकूर जुन्या फाँटमध्ये. आमच्या सहकाऱ्याला जे दिसत होतं ते यंत्राला दिसत नव्हतं.

पहिलं कारण हे जुने फाँट. श्री-लिपी, कृतिदेव, आयएसएमचा सुरेख यांत टाइप केलेला प्रबंध कागदावर आणि पडद्यावर सुरेख मराठी दिसतो, पण आत साठवलेली असतात ती रोमन अक्षरं आणि चिन्हं. तपासायची रीत सोपी: पीडीएफमधली एक ओळ उचलून नोटपॅडमध्ये चिकटवा. मराठी आलं तर ठीक. भलतीच चिन्हं आली तर तो प्रबंध शोधयंत्राच्या दृष्टीने कोरा आहे. फाँट बदलून घेणारी साधनं आहेत, पण पीडीएफवर ती हमखास गोंधळ करतात. माझ्या मते पानांची प्रतिमा धरून टेसरॅक्ट या अक्षरओळखीच्या साधनाच्या मराठी मॉडेलने नव्याने अक्षरओळख करावी आणि जुना मजकूर-थर बदलून टाकावा. ओसीआरमायपीडीएफ हे मोफत साधन सक्तीच्या पर्यायासह चालवलं की हे एका आज्ञेत होतं. जोडाक्षरांत चुका राहतात, तरी शोधापुरता मजकूर मिळतो.

दुसरं कारण युनिकोडमधलंच, म्हणजे संगणकावर सर्व लिप्यांसाठी ठरलेल्या अक्षरसंकेतातलंच आहे आणि ते डोळ्यांना दिसतच नाही. ‘किनाऱ्यावरील मच्छीमार समाज’ हे शीर्षक घ्या. यातला अर्धा र दोन वेगवेगळ्या रीतींनी टाइप होतो: ‘किनाऱ्यावरील’ आणि ‘किनार्‍यावरील’. पडद्यावर दोन्ही एकच दिसतात, यंत्राला ते दोन वेगळे शब्द. घाईत टाइप केलेलं ‘किनार्यावरील’ हा तिसरा. ‘ॲ’चंही तसंच. हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली ५.१ आवृत्तीत आलं. त्याआधीचे लोक ‘अ’ला चंद्र जोडून ‘अॅ’ लिहायचे आणि अजूनही अनेक कळफलक तेच देतात. युनिकोडच्या नेहमीच्या एकरूपीकरणाने (नॉर्मलायझेशनने) यांतलं काहीच एक होत नाही. उपाय सोलरमध्ये आहे: कोणतं अक्षर कोणतं मानायचं हे सांगणारी एक छोटी फाइल लिहायची, ती नोंद साठवताना आणि शोधताना अशा दोन्ही वेळा लागू करायची, मग सगळी सूची नव्याने बांधून घ्यायची. अर्ध्या दिवसाचं काम आहे. ते झाल्यावर ‘दऱ्या’, ‘वाऱ्या’, ‘शेतकऱ्यां’चे प्रबंध एकदम वर आलेले मी पाहिले आहेत.

तिसरं म्हणजे नोंदच अपुरी असते. शीर्षक मूळ भाषेत आणि मूळ लिपीत हवंच. त्याचं इंग्रजी रूप पर्यायी शीर्षकाच्या रकान्यात जाऊ दे. सारांश दोन्ही भाषांत घ्या. भाषेच्या रकान्यात कोकणीसाठी ‘कोक’ (kok) हा व्यापक संकेत आणि ‘गोम’ (gom) हा गोव्याच्या कोकणीचा, यांतला एक ठरवून सगळीकडे तोच वापरा. भाषा आणि लिपी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे गोव्यात तरी समजावून सांगावं लागू नये: थॉमस स्टीफन्सचं मराठी ख्रिस्तपुराण १६१६ साली रायतूरला छापलं गेलं ते रोमन अक्षरांत.

एकाच माणसाचं, एकाच गावाचं नाव पाच प्रकारे लिहिलं जातं. कोणतं ठेवायचं?

सगळी, पण एक मुख्य ठरवून. डिचोलीचा बिचोलिम होतो, साखळीचा सांकेलिम, काणकोणाचा कानाकोना, मडगावचा मारगाव, साष्टीचा सालसेत. आडनावांत शेणवीचा सिनाय, प्रभूचा पोरोबो, कामतांचा कामोतिम. १९६१पूर्वीच्या कागदांवर काम करणारा पोर्तुगीज रूपाने शोधेल, आजचा विद्यार्थी मराठी रूपाने. दोघांनाही तोच प्रबंध मिळायला हवा. स्थळाच्या रकान्यात देवनागरी, आजचं रोमन आणि जुनं पोर्तुगीज रूप तिन्ही भरा. बारा तालुक्यांची अशी यादी एकदा करून सगळ्या ग्रंथपालांनी वाटून घेतली तर प्रत्येकाचा वेळ वाचेल.

माणसांसाठी हयात लेखकांना ऑर्किड (ORCID) हा संशोधकाची ओळख पटवणारा क्रमांक घ्यायला सांगा. सोळा अंकी, मोफत, दोन मिनिटांचं काम. लग्नानंतर नाव बदललेल्या संशोधक स्त्रियांच्या बाबतीत तर तो आग्रहाने घ्या, नाहीतर निम्मं काम एका बाईंच्या नावावर आणि निम्मं दुसऱ्याच बाईंच्या नावावर जातं.

नियतकालिकात छापून आलेला लेख टाकता येतो का?

बहुतेक वेळा येतो, पण छापील रूपातला नाही. लेखाची तीन रूपं असतात: पाठवलेला मसुदा, परीक्षणानंतर स्वीकारला गेलेला मसुदा, आणि प्रकाशकाने मांडणी करून छापलेला. मोठे प्रकाशक सहसा दुसऱ्या रूपाला परवानगी देतात, कधी सहा किंवा बारा महिन्यांनी खुलं करण्याच्या अटीवर. नियतकालिकाचं नाव घालून धोरण पाहायला जिस्क या ब्रिटिश संस्थेचं ओपन पॉलिसी फाइंडर हे संकेतस्थळ आहे, पूर्वी त्याला शेर्पा रोमिओ म्हणत. केंद्राच्या विज्ञान-तंत्रज्ञान आणि जैवतंत्रज्ञान विभागांचं २०१४चं धोरणही त्यांच्या पैशावर झालेल्या कामाचा हाच स्वीकृत मसुदा रिपॉझिटरीत मागतं.

अडचण अशी की प्राध्यापकांकडे तो मसुदा उरलेला नसतो. लेख स्वीकारल्याचा मेल आला की त्याच दिवशी ती फाइल ग्रंथालयाला पुढे पाठवा, एवढी एक सवय लावून घ्या.

मराठी नियतकालिकांचं लेखी धोरण क्वचितच असतं. संपादकांना साधं पत्र लिहा, उत्तर नोंदीसोबत जपून ठेवा. मला आजवर नकार फार थोडे आले.

जुन्या प्रबंधाचा लेखक हयात नाही किंवा सापडत नाही. मग?

प्रबंधाचा हक्क साधारणपणे लेखकाचा असतो, विद्यापीठाकडे प्रत आहे म्हणून तो विद्यापीठाचा होत नाही. १९५७च्या कायद्यानुसार हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं टिकतो, आणि ती वर्षं मृत्यूच्या पुढच्या जानेवारीपासून मोजतात. इतिहासकार दामोदर कोसंबी १९६६च्या जूनमध्ये गेले, म्हणून त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेलं लेखन १ जानेवारी २०२७पासून हक्कमुक्त.

बाकीच्यांसाठी कुटुंबाला विचारा. गोव्यात हे तितकं अवघड नाही: गाव कळलं की दोन फोनमध्ये घर सापडतं. मुलं-नातवंडं बहुधा आनंदाने सही देतात, कधी तर घरातली टाचणंही आणून देतात. कोणीच सापडलं नाही तर नोंद आणि सारांश सर्वांना दिसू द्या, पूर्ण मजकूर ग्रंथालयाच्या आतच ठेवा.

प्रबंध खुला केला तर चोरी होईल ना?

उलट आहे. कपाटातल्या प्रबंधातून उचललेलं कोण पकडणार? खुला प्रबंध साम्य तपासणाऱ्या साधनांना दिसतो, आणि तारखेसह तुमच्या नावावर असतो.

पुस्तक काढायचं आहे म्हणून बंद ठेवायला विद्यार्थी सांगतो.

ठेवा, पण तारीख घालून. एक किंवा दोन वर्षं, अर्ज मार्गदर्शकाच्या सहीने. डीस्पेस त्या दिवशी आपोआप खुलं करतं. ‘पुढील सूचनेपर्यंत’ असं कधीही लिहून घेऊ नका.

परिशिष्टात माहिती देणाऱ्यांची नावं, फोन नंबर आहेत. तसंच चढवायचं का?

नाही. लोकसाहित्य, समाजशास्त्र, इतिहास या विषयांच्या जवळजवळ प्रत्येक प्रबंधाच्या शेवटी असा तक्ता असतो: नाव, वय, वाडा, कधी जात, आणि मोबाईल. ज्या आजीने ओसरीवर बसून गाणी सांगितली तिने आपला नंबर जगाला द्यायला होकार दिलेला नव्हता. २०२३चा वैयक्तिक विदा संरक्षण कायदा बाजूला ठेवला तरी हे साध्या माणुसकीत बसत नाही. खुल्या प्रतीतून नंबर आणि पत्ते काढा, संपूर्ण प्रत बंद ठेवा. नाव मात्र सरसकट पुसू नका. गाणं सांगणाऱ्या बाईचं नाव जाऊन फक्त संशोधकाचं राहणं हाही अन्यायच आहे. शक्य असेल तिथे विचारा.

म्हादईच्या रानातल्या दुर्मीळ वनस्पतींचे अचूक अक्षांश-रेखांश, देवरायांतल्या औषधी झाडांच्या जागा यांनाही हाच नियम लावा.

स्कॅनिंग कसं करावं?

टंकलिखित पानांना ३०० डीपीआय, करड्या छटांत. काळं-पांढरं केलं तर पुसट झालेल्या मात्रा आणि अनुस्वार उडतात. ए-४चं एक पान न दाबता साठवलं की सुमारे ८.७ एमबी होतं, म्हणजे ३०० पानांचा प्रबंध अडीच जीबीच्या वर. या मूळ प्रतिमा वेगळ्या जपा, वाचकाला लहान पीडीएफ द्या. काम पावसाळ्याआधी काढा. जूननंतर पानं ओल धरतात, एकमेकांना चिकटतात आणि कपाटातली बुरशी स्कॅनरच्या काचेवर येते. दोन हजारच्या दशकात प्रबंधासोबत आलेल्या सीडी मात्र आजच उघडून बघा. त्या वाट पाहत नाहीत.

बॅकअप रोज होतो. तेवढं पुरे ना?

तो परत उभा करून पाहिला आहे का?

मी पूर्वी जिथे काम करत होतो तिथे रोज रात्री बॅकअप होत असे आणि सकाळी ‘यशस्वी’ असा मेल येई. एका जूनमध्ये वीज गेली-आली आणि डिस्क गेली. बॅकअप उघडला तर त्यात फक्त डेटाबेस. डीस्पेसमध्ये नोंदी डेटाबेसमध्ये असतात आणि प्रत्यक्ष फाइली ‘असेटस्टोअर’ नावाच्या फोल्डरमध्ये, तेही नुसत्या लांबलचक आकड्यांच्या नावाने. आमच्याकडे शीर्षकं सगळी वाचली होती, प्रबंध एकही नाही. उलटं झालं असतं तर हजारो बिननावाच्या फाइली हाती आल्या असत्या. कागदी प्रती पुन्हा काढून स्कॅन करण्यात दीड वर्ष गेलं. एका प्रबंधाची कागदी प्रतही नव्हती. त्याच्या लेखिकेला हे सांगायला फोन केला तो दिवस मी विसरलेलो नाही.

म्हणून: दोन्हींचा बॅकअप, एकाच वेळेचा. तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक गोव्याबाहेर. दर सहा महिन्यांनी दुसऱ्या यंत्रावर सगळं उभं करून दहा प्रबंध उघडून बघायचे, आणि कुणी बघितले त्याची वहीत सही.

प्राध्यापक लेख देतच नाहीत.

त्यांना स्वतः चढवायला सांगू नका, हे माझं ठाम मत. दरवर्षी आयक्यूएसीला (संस्थेच्या गुणवत्ता कक्षाला) एक्यूएआर या वार्षिक गुणवत्ता अहवालासाठी प्रकाशनांची यादी हवी असते, बढतीच्या वेळी तर प्रत्येक जण ती स्वतःहून करतो. ती यादी आयक्यूएसीकडून मागून घ्या, नोंदी तुम्ही भरा, आणि ‘सर, एवढ्या चार लेखांचे मसुदे हवेत’ असं नेमकं विचारा. बदल्यात पुढच्या वर्षीची यादी रिपॉझिटरीतून काढून द्या. दोन वर्षांत लोक स्वतःहून पाठवू लागतात.

प्रबंध काढून टाका अशी मागणी आली तर?

लेखी कारण घ्या आणि लगेच मजकूर झाका, मग समितीत चर्चा करा. निर्णय काहीही झाला तरी पत्ता पुसू नका. त्या पानावर शीर्षक, लेखक आणि ‘या तारखेला मागे घेतला’ एवढं राहू द्या.

उद्यापासून सुरुवात करायची आहे. पहिलं काम कोणतं?

कपाटातून दहा प्रबंध काढा. दोन मराठी, दोन कोकणी, एक जुन्या फाँटमधला, एक पोर्तुगीज संदर्भांचा, एक परिशिष्टात नंबर असलेला, बाकी विज्ञानाचे. दहांच्या नोंदी पूर्ण भरा. संध्याकाळी घरी गेल्यावर मोबाईलवर त्यांना शोधा: देवनागरीत, रोमनमध्ये, गावाच्या जुन्या नावाने, एखाद्या गाण्याच्या ओळीने. जे सापडले नाहीत त्यांची यादी करा. दुसऱ्या दिवशी त्या यादीपासून कामाला लागा.